मोरी वाहती ठेवणारी माणसं

गिरगाव, लालबाग, दादर, कुठल्याही चाळीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना मोरी कशी होती हे सांगावं लागणार नाही. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, वीतभर उंचीचा कट्टा घालून अडवलेली चौकोनी जागा. खाली शहाबादी फरशी, एका बाजूला पाण्याचं पिंप, पिंपावर झाकण, झाकणावर उपडा तांब्या. भिंतीतल्या कोनाड्यात दंतमंजन, वज्री, ५०१ बारचा तुकडा आणि राखेचं डबडं. आंघोळ तिथेच, धुणं तिथेच, भांडी तिथेच, तांदूळ धुवायचे तिथेच आणि रात्री-अपरात्री लहान पोराला बसवायचं तेही तिथेच. फरशीचा उतार जिथे संपायचा तिथे भिंतीला एक भोक. सात-आठ माणसांचं घर त्या भोकाच्या भरवशावर चालायचं.

म्हणून घरातल्या बायकांचा एक डोळा कायम तिथे असे. आजी जपमाळ ओढत बसलेली असली तरी मोरीतून भांड्यांचा आवाज आला की तिथूनच म्हणायची, "मोरीत काय जातंय ते बघ." आई तेच म्हणायची. काकू तेच म्हणायची. पाहुणी आलेली आत्याही हात धुणाऱ्या पोराला तेच सांगायची. मोरीत काय जातंय ते बघ.

काय काय जाऊ द्यायचं नाही, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. भाताची शितं जाऊ द्यायची नाहीत. ताटं आधी डब्यात निपटायची, खरकट्याचा डबा वेगळा. चहाचा चोथा जाऊ द्यायचा नाही. तो गॅलरीतल्या तुळशीला, नाहीतर गुलाबाच्या कुंडीला. आमसुलं, चिंचेचा चोथा, कढीपत्त्याच्या काड्या, शेंगांचे दोरे यांतलं काही म्हणता काही जाऊ द्यायचं नाही. शिकेकाई फडक्यातून गाळून घ्यायची आणि गाळ बाहेर टाकायचा. नारळाच्या शेंडीने भांडी घासली की तिचे तुटलेले धागे वेचून घ्यायचे. राखेचा चिखल फरशीवर साचला की पाणी ओतून लोटायचा नाही, हाताने गोळा करायचा. राख पाण्यात विरघळत नाही, नळाच्या वाकणात जाऊन बसते आणि पुढे तिच्यावर तेलकटपणाचे थर चढत जातात. हे शास्त्र घरात कुणी शिकवलं नव्हतं. मोरी तुंबून तुंबून ते अंगवळणी पडलेलं होतं.

आणि केस. रविवारी न्हाणं झालं की गळलेले केस बोटाला गुंडाळून त्यांचा बोळा करायचा आणि खिडकीच्या गजाला खोचून ठेवायचा. केस घेऊन सुया-पिना देणारी बाई चाळीत यायची, तेव्हा सगळ्या बिऱ्हाडांतले बोळे बाहेर निघायचे. घरातला केस मोरीत गेला तर नुकसान दुहेरी, असा सरळ हिशेब होता.

रात्री निजानीज झाली की मोरीच्या भोकात चिंधीचा बोळा. झुरळं आणि घुशी त्याच वाटेने वर यायच्या. 'दरवाजा मोकळा नि मोरीला बोळा' ही म्हण शाळेच्या पुस्तकात भेटली तेव्हा आम्हाला तिचा अर्थ चटकन कळला, कारण बोळा रोज रात्री आम्हीच लावत होतो. पावसाळ्यात तळमजल्यावरच्या लोकांचं बोळ्यावर भागत नसे. समुद्राला भरती आणि वर धो धो पाऊस अशी गाठ पडली की गटारातलं पाणी उलटं चढून मोरीतून घरात यायचं. मग बोळ्यावर गोणपाट, गोणपाटावर पाटा, पाट्यावर वरवंटा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांत कित्येकांनी हे उलटं चढणारं पाणी पहिल्यांदा पाहिलं. चाळीच्या तळमजल्याला ते जुनं ओळखीचं होतं.

एवढी राखण करूनही मोरी तुंबायचीच. आणि हमखास तुंबायची ती दिवाळीत. नरकचतुर्दशीच्या पहाटे प्रत्येक बिऱ्हाडात एकामागून एक अभ्यंगस्नानं. तेल चोपडलेली अंगं, त्यावर उटणं, पायाखाली फोडलेल्या कारिटाच्या बिया, शिवाय आदल्या चार दिवसांच्या चकल्या-करंज्यांच्या कढया आणि झारे. तेलकट, तुपकट, डालडाने माखलेलं सगळं एका सकाळी एकाच नळातून खाली. डालडा पाण्याबरोबर पातळ होऊन जातो असं वाटे, पण नळात गार झाला की थिजून भिंतीला धरून बसायचा. मग त्याला उटणं चिकटायचं, उटण्याला केस. पाडव्याच्या सकाळी कुठल्या तरी मजल्यावरून ठरलेली हाक यायची: "तुंबली गं!"

तुंबली की एक रीत होती, आणि ती कुणी मोडत नसे. आधी पाणी बंद. सगळ्यांनी तोंडं धुवायची थांबवायची. साचलेलं पाणी टमरेलाने बादलीत उपसायचं. मग मोडक्या छत्रीची काडी, टोकाला आकडा केलेली; ती प्रत्येक घरात दाराच्या मागे असायचीच. भोकात हळूच सरकवायची, फिरवायची आणि ओढायची. ढोसायची नाही. ढोसली की बोळा पुढे जातो आणि जिथे हात पोचत नाही तिथे जाऊन बसतो. ओढली की काळपट, बुळबुळीत शेपूट बाहेर यायचं आणि आम्ही पोरं नाक धरून तरी बघायला पुढे व्हायचो. काडीने भागलं नाही तर ओलं फडकं भोकावर दाबून तळहाताने दणके द्यायचे. पुढे रबरी पंप आला तो हेच काम करणारा. आणि शेवटी बंबातलं कढत पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा. एकदम नाही, थांबून थांबून. पाणी आधी वळवळायचं, मग भोवरा धरायचं, मग गुडगुड आवाज करत उतरायचं. त्या आवाजाने घराला जे हायसं वाटायचं ते वेगळंच.

तेवढ्याने न उतरलं तर दोष आपल्या मोरीचा नसे. नळ भिंतीतून बाहेर पडून चाळीच्या मागच्या अंगाला बिडाच्या मोठ्या नळाला मिळायचा आणि तो खाली घरगल्लीत उतरायचा. दोन चाळींच्या पाठींमधली ती अरुंद, अंधारी बोळकंडी. खिडकीतून काहीही खाली टाकायची वाईट खोड चाळींना होती आणि ते सगळं घरगल्लीत साचायचं. तिथे उतरून बांबूच्या लांब कामट्या घालून नळ मोकळे करणारी माणसं महापालिकेची. आम्ही पोरं वरून बघायचो. ती माणसं अनवाणी, उघड्या हातांनी, कमरेपर्यंत भिजलेली. वरून कुणी तरी ओरडायचं, "पाणी सोडू नका, खाली माणूस आहे!" आणि तरी कुणी तरी बादली उपडी करायचंच. मोरीत काय जातंय ते बघ, असं घराला बजावणाऱ्या त्याच घरांनी खिडकीतून काय जातंय ते मात्र पाहिलं नाही. त्या माणसांना चहा द्यायचा झाला तर वेगळा कप होता, हेही आठवतं. जुन्या दिवसांबद्दल लिहिताना हे गाळणं बरं नव्हे. पुढे २०१३ साली कायदा झाला. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा ठरला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठीची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. माणसं गुदमरल्याच्या बातम्या तरीही वाचाव्या लागतात.

जहाल वस्तू तेव्हा घरात नव्हत्या असं मुळीच नाही. साबण महाग झाला की महिला मंडळात घरगुती साबण करायला शिकवत. खोबरेल तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. त्या दिवशी पोरांना मागच्या खोलीत बंदी असायची. काकू पदर खोचून, हाताला फडकी गुंडाळून बसायची आणि मोठ्याने घोकल्यासारखी म्हणायची, "सोडा पाण्यात. पाणी सोड्यात नाही. सोडा पाण्यात." पांढऱ्या दाण्यांवर पाणी ओतलं तर ते जागच्या जागी उकळून अंगावर उडतं, पाण्यात दाणे थोडे थोडे सोडले तर तापतं, पण आवरतं. जर्मनचं पातेलं त्या कामाला कधी घ्यायचं नाही, कारण कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. मडकं, नाहीतर लोखंडी घमेलं. काठी लाकडाची. स्टोव्ह लांब. कामाआधी तेल, सोडा, पाणी सगळं तोलून-मापून मांडून ठेवलेलं. काकू चौथी शिकलेली, पण तिच्या हातून कधी थेंब उडाला नाही.

आज मोरी साफ करायची म्हणून जी पावडर दुकानात मिळते, तिच्या पुडीत बहुधा तोच कॉस्टिक सोडा असतो. नळातल्या तुपकटपणाचा तो साबण करतो आणि पाण्याबरोबर नेतो. म्हणजे काकूचं घमेलं आता नळाच्या आत मांडलेलं आहे इतकंच. केसही त्याने विरघळतात. पण प्लास्टिकची पिशवी, कापडाचा तुकडा, सिमेंटचा गोळा, चमचा यांना तो काही करत नाही. पावडर खाली बसते, पाण्याखाली दगडासारखी घट्ट होते आणि आधी नुसता तुंबलेला नळ नंतर भाजणारा होऊन बसतो.

ॲसिडची गोष्ट निराळी. फिनेल-ॲसिडवाला हातगाडी घेऊन यायचा. काचेचे कारबे, गळ्यात दोरी बांधलेलं नरसाळं. "ॲसीऽऽड, फिनेऽऽल!" आपली बाटली आपण न्यायची. आणि बाटली कुठली, तर सरबताची, नाहीतर औषधाची. चिठ्ठी नाही, खूण नाही. मोरीच्या कट्ट्यावर एका ओळीत खोबरेल, रॉकेल, काकवी आणि ॲसिड. त्या ओळीतून कुठल्या घरात काय घडलं ते प्रत्येक चाळीला ठाऊक आहे. आमच्या मजल्यावर एका घरी गारेगार सरबत समजून बाटली तोंडाला लावलेल्या मुलीचं जेवण पुढे कित्येक वर्षं पातळ पेजेवर होतं. ती बोलायची हळू, आणि आम्ही तिच्यासमोर बर्फाचा गोळा खायचो नाही.

दुसरी एक सकाळ सगळ्या मजल्याला आठवते. पावसाळा होता, महापालिकेने ब्लीचिंग पावडर वाटली होती. गॅलरीच्या टोकाच्या संडासात कुणी ती भरपूर टाकली आणि मागून आलेल्याने, स्वच्छता पुरी व्हावी म्हणून, वरून ॲसिड ओतलं. दोघांचा हेतू चांगलाच. पण ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन निघतो: हिरवट-पिवळा, हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, जमिनीलगत सरपटणारा. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली ईप्रला, सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. गॅलरीत माणसं ओळीने खोकत बसली. डोळ्यांतून धारा, छातीत जाळ. मधल्या बिऱ्हाडातले आजोबा गिरणीत ब्लीचिंग खात्यात काम केलेले. त्यांनी ओरडून सगळ्यांना वरच्या मजल्यावर, वाऱ्याच्या बाजूला पिटाळलं. "खाली बसू नका, वर चला!" त्यांचं ऐकलं म्हणून सगळे वाचले. त्या दिवसापासून संडासाच्या दारावर खडूने लिहिलेलं असायचं: एकावर दुसरं टाकू नये.

आता ॲसिडवाला येत नाही. ॲसिडहल्ल्यातून उभ्या राहिलेल्या लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले: विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याने ओळखपत्र दाखवायचं, कारण सांगायचं आणि अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही. तरी संडास धुवायच्या बाटलीत आम्ल असतंच, कपड्यांच्या ब्लीचमध्ये क्लोरीन दबा धरून असतोच आणि मोरीच्या पावडरीत कॉस्टिक. तिन्ही एकाच सिंकखालच्या कपाटात शेजारी शेजारी. खडूने लिहिलेली ओळ तेवढी राहून गेली.

आम्ही एकेक करून डोंबिवली, बोरिवली, ठाण्याला ब्लॉकमध्ये राहायला गेलो. मोरी गेली, बाथरूम आलं. बसून भांडी घासणं गेलं, ओटा आणि सिंक आलं. बिडाच्या नळांच्या जागी पीव्हीसीचे पाईप आले. भोकाऐवजी फरशीत नहाणी ट्रॅप आला, त्यावर जाळी, आणि आत कायम साठून राहिलेलं थोडं पाणी. गटारातला वास आणि झुरळं अडवणारा आपला जुना बोळा म्हणजे आता तेवढं पाणीच. म्हणून मे महिन्यात घर बंद करून कोकणात जाऊन आलं की घरभर जो वास सुटलेला असतो, त्याला पावडर नको, फिनेल नको. ट्रॅपमधलं पाणी सुकलंय, तांब्याभर पाणी ओतलं की झालं.

सिंक तुंबलं तर खालचा बॉटल ट्रॅप हाताने उघडता येतो, हे आमच्या पिढीतल्या पुष्कळांना पन्नाशीनंतर कळलं. खाली बादली ठेवायची, वाटीसारखं झाकण डावीकडे फिरवायचं. वॉशर पडू द्यायचा नाही. आतला गाळ बादलीत, ट्रॅप जुन्या दातघासणीने घासायचा, वॉशर पुसून बसवायचा, पुन्हा आवळायचं. दहा मिनिटांचं काम. गरम पाणी हवं, पण पीव्हीसीला उकळतं नको. सांधे मऊ पडतात. खायचा सोडा आणि व्हिनेगर टाकून फेस बघायला छान वाटतं, पण दोघं एकमेकांना निकामी करतात आणि खाली उरतं ते जवळपास पाणीच. त्यापेक्षा छत्रीची काडी कधीही बरी. आता छत्र्याही तशा येत नाहीत. दुकानात काटेरी प्लास्टिकची पट्टी मिळते, ती तेच काम करते.

आणि पावडर टाकायचीच झाली तर काकूसारखी टाकावी. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, खिडकी उघडी, पोरं बाहेर, तोंड भोकावर नाही. पुडीवर लिहिलंय तेवढीच, आणि लिहिलंय तितकाच वेळ. वरून उकळतं पाणी नाही, ॲसिड नाही, ब्लीच नाही, दुसऱ्या कंपनीची पावडर नाही. पंपही मारायचा नाही; उसळून तोंडावर येतं. उरलेली पुडी तिच्याच वेष्टनात, वरच्या फळीवर, मिठा-साखरेपासून लांब. एवढं करूनही अंगावर उडालंच तर लिंबू चोळू नये, तूप लावू नये. वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरावं. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ पाणी, आणि मग दवाखाना. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, कारण जाताना भाजलं ते येताना पुन्हा भाजतं. तोंड धुवायचं, १०८ ला फोन करायचा आणि पुडी बरोबर न्यायची.

पावडरीने काम झालं नाही आणि प्लंबरला बोलावलं, तर दारातच त्याला सांगायचं की आत काय टाकलंय. तो खाली वाकून, चेहरा पाईपजवळ नेऊन ट्रॅप उघडणार असतो. आमच्या सोसायटीत येणारा प्लंबर हल्ली पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारतो, "काही टाकलंय का? खरं सांगा." त्याच्या मनगटावर एक पांढरा, गुळगुळीत डाग आहे. त्यानंतर तो विचारायला लागला.

गेल्या दिवाळीत आमच्या खालच्या मजल्यावर बेसिनमध्ये तोंड धुताना मोत्याची कुडी सटकली. नव्या सुनेची, आजेसासूने दिलेली. नेमकं ते बेसिन तेलाने आधीच तुंबत आलेलं. मुलगा पावडरीची पुडी घेऊन आलाच होता. त्याला वाटलं, आधी पाणी उतरू दे, मग शोधू. आजेसासूबाई ऐंशीच्या पुढच्या, लालबागच्या चाळीतल्या. त्यांनी पुडी हातातून काढून घेतली आणि नळ बंद करायला सांगितलं. खाली बादली लावली, झाकण फिरवलं. गाळाबरोबर मोहरी निघाली, बाळाच्या दुपट्याचं बटण निघालं, करंज्यांच्या पिठाचा घट्ट लगदा निघाला आणि त्यात कुडी. पावडर पडली असती तर त्या गाळात हात घालायची सोयच उरली नसती. कुणी संडासाची बाटली ओतली असती तर मोती राहिले नसते, आम्लात ते चुन्यासारखे विरघळतात. सातही मोती जागच्या जागी होते. आजीबाईंनी कुडी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून पुसली, सुनेच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "आता आधी ती जाळी बसवून घ्या."